मदतनिधीचा कार्यक्रम: बँडना पैसे द्यायचे की नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. तुमच्या गल्लीतले, ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक काका मोटारसायकलवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, मिरजेत एक ऑपरेशन झालं, दुसरं बाकी आहे आणि अडीच लाख कमी पडताहेत. त्यासाठी सांगलीत चार बँडचा एक कार्यक्रम करायचाय: काकांचा ब्रास बँड, एक बेंजो पार्टी, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आणि तुमच्या कॉलेजच्या पोरांचा रॉक बँड. सगळे फुकट वाजवायला तयार आहेत, साउंडही एक मित्र फुकट देतोय. तुम्हाला विचारायचंय की हॉल घ्यावा की शाळेचं पटांगण, तिकीट किती ठेवावं, आणि फुकट वाजवणाऱ्यांना तरीही काही द्यावं का.

मी सांगली-मिरज पट्ट्यात २२ वर्षं साउंड करतोय, त्याआधी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरून काय झालं असेल ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. त्यानंतरच्या हिवाळ्यात पूरग्रस्तांसाठीचे बरेच कार्यक्रम मी वाजवून दिले. काहींनी चांगली रक्कम उभी केली. काहींत हॉल भरलेला होता, लोक उभे राहून ऐकत होते, आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसल्यावर हातात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. वाजवणारे तेच, गाणी तीच. फरक कुठे पडला ते मी जवळून बघितलंय, त्यावरून सांगतो.

तुमच्या प्रश्नात ‘फुकट’ हा शब्द पुन्हा पुन्हा आलाय. तिकीट आणि हॉल हे नंतरचे विषय, आधी या शब्दाचं बघा.

फुकट म्हणजे नेमकं काय फुकट? तुमचा मित्र साउंड फुकट देतोय म्हणजे स्पीकर आणि मिक्सरचं भाडं घेणार नाही. पण टेम्पोचं डिझेल लागणार. बॉक्स उचलणारी चार पोरं लागणार, ती रोजावर असतात, आणि तो रोज तुमचा मित्र खिशातून देणार की तुम्ही, हे बोलणं झालंय का? बहुतेक वेळा झालेलं नसतं. मग कार्यक्रमाच्या आठवड्यात त्याला लग्नाची ऑर्डर येते आणि तो दोन बॉक्स, एक छोटा मिक्सर आणि नवखा पोरगा तुमच्याकडे पाठवून देतो. त्यात त्याची वाईट दानत नसते. त्याचं घर त्या ऑर्डरवर चालतं. म्हणून आजच त्याच्याशी बसा, काय फुकट आणि काय पैशाचं ते कागदावर लिहा, आणि पैशाच्या भागाचा बयाणा द्या. ज्या कामाचा बयाणा घेतलाय ते काम माणूस मोडत नाही.

बँडचंही तेच. तुमच्या कॉलेजच्या पोरांना एक संध्याकाळ फुकट वाजवणं जड नाही, उलट त्यांना स्टेज मिळतंय. पण ब्रास बँडमधला युफोनियमवाला किंवा बेंजो पार्टीतला ताशेवाला हा बहुधा दिवसा दुसरं काम करून सीझनमध्ये वाजवणारा माणूस असतो. तो ‘फुकट वाजवतो’ म्हणतो तेव्हा एक दिवसाची कमाई सोडत असतो, वर येण्याजाण्याचा खर्च करत असतो. ती त्याची वर्गणीच आहे, आणि अनेकदा स्टेजवर शाल घेणाऱ्या पाहुण्याच्या वर्गणीपेक्षा मोठी.

मी करतो ते असं: वाजवणाऱ्या प्रत्येकाला, कॉलेजचा असो की बेंजोवाला, सारख्याच रकमेचं पाकीट. माणशी ३०० किंवा ५००, तुमच्या ऐपतीप्रमाणे. त्याला मानधन म्हणू नका, ‘प्रवास आणि जेवण’ म्हणा. आणि ते कार्यक्रमाच्या आधी ग्रीनरूममध्ये हातात द्या. ज्याला परत करायचंय तो बाहेरच्या पेटीत गुपचूप टाकेल, आणि बरेच जण टाकतात. पण ते त्याचं त्यानं ठरवायचं.

याला जोडून एक विनंती आहे आणि ती मी फार मनापासून करतोय. स्टेजवरून ‘अमुक ग्रुपने एक रुपयाही न घेता कला सादर केली’ असं निवेदकाला कधीही म्हणू देऊ नका. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी मिक्सरवर होतो. निवेदकाने एका ग्रुपचं असंच कौतुक केलं, टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी, जिन्यापाशी, आधीच्या ग्रुपमधला एक ढोलकीवाला पिशवीत ढोलकी भरत होता. त्याने शर्टाच्या खिशातलं पाकीट काढलं, एकदा बघितलं, आणि जाऊन पेटीत टाकून आला. रात्री साडेदहाला आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा तो माझ्या हेल्परकडे तासगावच्या गाडीभाड्यासाठी पैसे मागत होता. मदतीच्या कार्यक्रमातून एक माणूस उसने घेऊन घरी गेला. तेव्हापासून मी निवेदकाला आधीच सांगतो: कोणी काय घेतलं, काय सोडलं, हे माइकवर येणार नाही.

आता पैशांकडे. कार्यक्रम करण्याआधी एक गोष्ट तपासली आहे का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. दुसरं ऑपरेशन त्या यादीत बसतं का, आणि हॉस्पिटल योजनेत आहे का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा. यातून अडीच लाखांचा आकडा खाली येऊ शकतो. आला तर कार्यक्रम रद्द करायची गरज नाही. ज्याची मांडी मोडलीय तो सहा-आठ महिने वाजवायला चालत जाऊ शकणार नाही, घर चालवायलाही पैसे लागतातच. पण मग लोकांना तसं खरं सांगा.

हिशेब कसा बसतो ते एका उदाहरणाने बघा. समजा हॉलभाडं, टेम्पो-डिझेल, हेल्पर, लाइट, छपाई, पाकिटं, जेवण मिळून खर्च ७० हजार. तिकीट २०० रुपये, विकली ५००. जमा १ लाख. खर्च जाता उरले ३० हजार. चार बँड, तीन महिन्यांची पळापळ आणि अडीच लाखांतले ३० हजार. मी म्हटलं ना, भरलेल्या हॉलमधूनही हातात काही उरत नाही, ते असं.

म्हणून तिकिटाचा पहिला कागद छापायच्या आधी खर्चाचे ७० हजार वेगळे उभे करा. आपल्याकडे हे अवघड नाही, फक्त मागण्याची पद्धत असते. ‘मदत करा’ म्हणून गेलात की ५०१ ची पावती फाडतात. ‘सत्तर वादकांचं जेवण तुमच्याकडून’ किंवा ‘टेम्पोचा खर्च तुमचा’ असं नेमकं एक काम घेऊन गेलात की मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी असो, गल्लीतला मेडिकलवाला असो की एखादी पतसंस्था, पटकन हो म्हणतात, कारण त्यांना आपला पैसा कुठे गेला ते दिसतं. पाच हजारांचे चौदा जण शोधा. मग तुम्ही तिकिटावर छापू शकता: ‘तिकिटाची पूर्ण रक्कम उपचारांसाठी’. हे वाक्य खरं असेल तर तिकीट विकायला तोंड उघडावं लागत नाही, आणि २०० च्या तिकिटाला ५०० देणारेही भेटतात.

तिकीट ऐच्छिक ठेवू नका. ऐच्छिक म्हटलं की लोक संकोचतात, काही येतच नाहीत. २०० ठरवा, वरचं देणाऱ्यासाठी पेटी ठेवा. पासेस मात्र कडकपणे मोजा. एका कार्यक्रमात हॉल तीन चतुर्थांश पासेसवर भरलेला मी पाहिलाय. घरच्यांना, वादकांच्या माणसांना दोन-दोन पास ठीक, बाकी सगळ्यांना तिकीट, नगरसेवकालाही.

पैसे कोणाच्या नावावर घ्यायचे याबद्दल फार काळजी घ्या. एका माणसाच्या मोबाइलच्या क्यूआर कोडवर अजिबात नको, तो कितीही प्रामाणिक असो. नोंदणीकृत संस्था नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली गणपती मंडळं घेतात तीच. तुमच्या गल्लीतलं मंडळ किंवा एखादा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर त्यांच्या खात्यावर, त्यांच्या पावतीपुस्तकावर करणं सोपं. आणि रक्कम घरी देण्याऐवजी जमेल तितकी थेट हॉस्पिटलच्या नावाने चेकने भरा. मोठे देणगीदार ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतील. ती फक्त ८०जी ची मान्यता असलेली संस्था देऊ शकते, २,००० च्या वरच्या रोख देणगीला तिचा उपयोग नाही, आणि तिकीट ही देणगी धरली जात नाही. हे आधीच सांगा, नंतर वाद नको.

तारखेवर तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण माझ्या मते अर्धा कार्यक्रम तारखेवर ठरतो. तुमच्या चार बँडपैकी दोन लग्नाच्या वरातींवर जगणारे. लग्नतिथीला कार्यक्रम ठेवलात तर त्यांना पोटावर पाय देऊन यावं लागेल, किंवा ते अर्धेच येतील. गणपती-नवरात्रात कोणीच मोकळं नसतं. माझी आवडती वेळ म्हणजे पौष, साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी. लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात, वादक घरी बसून असतात, पाऊस नाही, आणि वाद्यांनाही ती हवा मानवते. एकच अडचण, तेव्हा शाळांची गॅदरिंग असतात, त्यामुळे हॉल दोन महिने आधी धरा. काकांचं ऑपरेशन त्याआधी असेल तर थांबू नका, मग आगाऊ तिकीटविक्रीतून आलेली रक्कम कार्यक्रमाच्या आधीच भरता येते.

हॉल की पटांगण? हे थोडं परिस्थितीवर आहे, पण तुमच्या बाबतीत मी हॉलच म्हणेन. शाळा, हॉस्पिटल, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. तुमच्या शाळेचं पटांगण तसं जाहीर असेल तर तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. नुसत्या ताशाचा आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. पोलीस ठाण्याची परवानगी मिळाली तरी शेजारच्या एका फोनवर कार्यक्रम बंद पडू शकतो. रात्री १० ला उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद करावाच लागतो. बंदिस्त सभागृहात हा १० चा नियम आतल्यापुरत्या आवाजाला तसा लागू होत नाही, तरी मी साडेनऊला संपवा म्हणेन, कारण मिरज, कुपवाड, माधवनगरहून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जायचं असतं.

आणि आपल्याकडे हॉल आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, मराठी रंगभूमी त्या दिवसापासून मोजतात, आणि त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात आजही माणूस चप्पल नीट काढून बसतो. अशा जागेत ब्रास बँडला खुर्च्या मांडून, प्रेक्षकांसमोर बसून वाजवायला मिळणं ही त्या वादकांसाठी केवढी गोष्ट आहे! आयुष्यभर ते रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये, नाचणाऱ्यांच्या मागे वाजवतात. त्यांचं वाजवणं शांतपणे बसून कोणी ऐकलेलं नसतं.

तरीही पटांगणच घ्यावं लागलं तर विजेकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या. यात मी तडजोड करत नाही. एका उघड्यावरच्या कार्यक्रमात, मी तेव्हा वादक होतो, गायकाचे ओठ माइकला लागले आणि तो मागे फेकला गेला. गिटारचा ॲम्प्लिफायर एका बोर्डवरून होता, मिक्सर दुसऱ्यावरून, आणि कोणीतरी ‘हम येतोय’, म्हणजे स्पीकरमधून घूं असा आवाज येतोय, म्हणून प्लगची अर्थची पिन काढून ठेवली होती. गायकाच्या डाव्या हातात गिटार, तारांवर बोटं, समोर माइक. वीज त्याच्या अंगातून गेली. सुदैवाने तो वाचला. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी एकच चाचणी करतो: मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. काटा शून्याजवळ हवा. दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी कोणी वाजवायला उभं राहत नाही. साउंड आणि वाद्यांचे ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवरून, लाइट वेगळ्या फेजवर, बोर्डला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच), आणि जनरेटरच्या न्यूट्रलची वायर घट्ट आहे का हे स्वतः हलवून बघायचं. न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, आणि कीबोर्ड, मिक्सर सगळं एका क्षणात जळतं. ते उधारीवर आणलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

आता वाजवण्याकडे येतो, माझा जीव तिथेच रमतो. चार वेगवेगळ्या जातीचे बँड एका स्टेजवर म्हणजे मोठा धोका बदलाच्या वेळेचा. एक बँड उतरून दुसरा लागायला २० मिनिटं गेली तर तीन बदलांत तास गेला, आणि त्या तासात लोक उठून जातात. त्यावर उपाय आधीच करायचा असतो. प्रत्येक बँडकडून एका कागदावर स्टेजचं चित्र घ्या: कोण कुठे उभं, किती माइक, कोणाला मॉनिटर (वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर). ड्रमसेट एकच, ऑर्केस्ट्रा आणि रॉक बँड दोघांसाठी. बेस गिटारचा ॲम्प्लिफायर एकच. ड्रमर आपली झांज आणि स्नेअर आणेल, बाकी हलवायचं नाही.

साउंड चेक उलट्या क्रमाने करा. शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी चेक करतो, पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी. म्हणजे दार उघडताना पहिल्या बँडची मांडणी स्टेजवर तयारच असते. सकाळी १० ला साउंड लागला पाहिजे, २ पासून चेक. तुमच्या मित्राकडे डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येक बँडची जुळवणी साठवून ठेवता येते, नसेल तर मी मोबाइलने मिक्सरचा फोटो काढून ठेवतो, तेवढंही पुरतं.

सुरुवात ब्रास बँडने करा, आणि स्टेजवरून करू नका. हॉलच्या फाटकापासून त्यांना वाजवत आत येऊ द्या, प्रेक्षक त्यांच्यामागून आत येतील. कार्यक्रम वेळेवर सुरू होतो, माइक लागत नाही, आणि आपला माणूस ज्या बँडचा त्या बँडनेच दार उघडलं असं होतं. स्टेजवर बसल्यावरही पितळी वाद्यांना माइक देऊ नका, फक्त क्लॅरिनेट असेल तर एक. ट्रम्पेट आणि साइड ड्रमचा बंद जागेतला आवाज काय असतो ते मागच्या रांगेत बसून एकदा ऐका.

बेंजोकडे मात्र लक्ष द्या. इथे बरेच साउंडवाले चुकतात. बेंजोच्या पिकअपमधून आवाज थेट त्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि तिथून भोंग्यासारख्या स्पीकरमध्ये. रस्त्यावर तो कर्कशपणा लागतो, तो गर्दी कापतो. हॉलमध्ये तोच आवाज पहिल्या पाच रांगांना कान झाकायला लावतो आणि लोक म्हणतात, ‘बेंजो म्हणजे गोंगाट’. त्यांचा भोंगा बंद करा, बेंजो डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडायची छोटी डबी) मिक्सरला घ्या, साधारण अडीच-तीन किलोहर्ट्झच्या आसपासचा कर्कश आवाज थोडा कापा आणि वादकाला त्याच्या पायाशी एक चांगला मॉनिटर द्या. त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला की तो जोराने ओढत नाही. मग बघा, पत्तीच्या एका फटक्यात किती बारीक मुरक्या घेतात ही माणसं. मी एका बेंजोवाल्याला असं जोडून दिलं तेव्हा त्याने पहिली ओळ वाजवली, थांबला, आणि माझ्याकडे बघून पुन्हा वाजवली. त्याने स्वतःचं वाद्य तसं कधी ऐकलेलं नव्हतं.

रॉक बँडच्या पोरांना प्रेमाने सांगा की गिटारचा ॲम्प्लिफायर प्रेक्षकांकडे नको, तिरका त्यांच्याच कानाकडे लावा आणि आवाज कमी ठेवा, बाकी आवाज साउंडवाला बाहेरच्या स्पीकरमधून देईल. मिक्सरपाशी ९५ डेसिबलच्या आत राहिलं की आजी पण बसते आणि पोरंही नाचतात. त्यांना शेवटी ठेवू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे त्यांचे मित्र शेवटपर्यंत थांबतील. शेवट ऑर्केस्ट्राने.

आणि सगळ्यात शेवटी चौघांनी मिळून एक गाणं वाजवायची कल्पना असेल, तुमच्या मनात ती नक्की असणार, तर एकच गाणं घ्या आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, आधी ठरवा. गिटारवाल्यांना पांढरी तीन (ई) सोयीची. ट्रम्पेटचा मूळ स्वर काळी पाच (बी फ्लॅट). पांढरी तीनमध्ये ट्रम्पेटवाल्याला इतके तीव्र (शार्प) स्वर येतात की चांगला माणूसही चाचपडतो. पांढरी चार (एफ) किंवा काळी पाच घ्या, गिटारवाले कॅपो (तारांवर लावायचा चिमटा) लावतील, कीबोर्डवाल्याला एक बटण दाबायचंय. दोन तालमी करा, त्यातली एक ब्रास बँडच्या जागेवर जाऊन. पोरांनी त्यांच्याकडे जावं, त्यांना कॉलेजात बोलावू नये. दिव्यांखाली पितळ तापलं की स्वर चढतो आणि गिटारच्या तारा उतरतात, म्हणून त्या गाण्याआधी दोन मिनिटं सगळ्यांनी पुन्हा स्वर लावायचा. निवेदकाला ती दोन मिनिटं आधीच सांगून ठेवा.

दीपप्रज्वलन आणि सत्कार यांना मिळून १० मिनिटं, त्याही एकदाच, सुरुवातीला. शाल-नारळाऐवजी सगळ्या देणगीदारांची नावं पडद्यावर किंवा फलकावर लावा. पैशाचं आवाहन एकाच माणसाने, दुसऱ्या बँडनंतर, चार मिनिटं: एवढा खर्च, एवढे जमले, एवढे कमी. बदलाची वेळ त्यातच भरून निघते. काकांना स्टेजवर व्हीलचेअरवरून आणू नका. त्यांना विचारा. यायचं असेल तर प्रेक्षकांत, त्यांच्या आवडीच्या जागेवर बसू द्या. त्यांच्या दुखण्याचे फोटो पडद्यावर नकोत. उद्या बरे झाल्यावर त्यांना याच गावात लग्नात वाजवायचंय, लोकांनी त्यांना ट्रम्पेटसाठी ओळखावं. त्यांचा वाजवतानाचा एखादा जुना फोटो असेल तर तो पोस्टरवर घ्या.

गाण्यांच्या हक्कांचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर वाजवलं तर सूट आहे. तुमचं तिकीट आहे, म्हणून ती लागू नाही, हेतू मदतीचा असला तरी. सिनेमाची गाणी प्रत्यक्ष गायची-वाजवायची तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना बघा, मध्ये रेकॉर्ड केलेली गाणी लावणार असाल तर त्याचा वेगळा. मदतीचा कार्यक्रम आहे असं सांगून आधीच अर्ज करा आणि जी रक्कम येईल ती खर्चाच्या ७० हजारांत धरा. पोरांची स्वतःची गाणी असतील तर त्यांचा प्रश्न नाही, आणि मला वाटतं त्यांनी निदान दोन स्वतःची वाजवावीत.

म्हणजे क्रम असा धरा: आधी आरोग्यमित्राला भेटणं, मग कोणाच्या खात्यावर पैसे घ्यायचे ते, मग खर्चाचे देणगीदार, मग पौषातली तारीख आणि हॉल. तिकीट छपाई त्यानंतर. दुसऱ्या दिवशी जमाखर्च, हॉस्पिटलच्या पावतीच्या झेरॉक्ससह, गल्लीच्या फलकावर लावा. पाकिटांची रक्कमही त्यात उघड लिहा, माणसांची नावं न लिहिता.

तारीख ठरली की चारही बँडची स्टेजची चित्रं आणि माइकची यादी इथेच टाका. मी बघून कुठे काय एकत्र करता येईल ते लिहितो. आणि बेंजोसाठी डीआय बॉक्स मिळत नसेल तर माझ्याकडचे दोन घेऊन जा.